माशाच्या पोटातला पत्ता: परजीवींवरून माशांचा प्रवास कसा वाचायचा

पावसाळ्यात वडोदऱ्याच्या मासळीबाजारात हिलसा येऊ लागला की गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं, आधी विचारतं, ‘‘नर्मदेचा ना?’’ मासेवाल्या बेनचं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘नर्मदानी ज छे.’’ कोकणातल्या नातेवाइकांचा पाला, भरूचकडची चाकसी आणि बंगाल्यांचा इलिश हा एकच मासा. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. तो कोणत्या पाण्यातून आला हे बेनला माहीत असेलच असं नाही. माशाच्या आतड्यात, कल्ल्यांवर आणि पोटपोकळीत मात्र त्याचा पत्ता बराचसा लिहिलेला असतो. लिहिणारे असतात परजीवी: चपटे कृमी, गोल कृमी, काटेरी सोंडेचे कृमी, कल्ल्यांना घट्ट धरून बसलेले बारीक कवचधारी.

हा पत्ता वाचायला शिकणाऱ्यांसाठी मी हे लिहितो आहे. तुम्ही प्राणिशास्त्राचे विद्यार्थी असाल किंवा नदीवर आणि माशांवर जीव असलेले कोणीही असाल, महागडी यंत्रं लागत नाहीत. एक साधा द्विनेत्री सूक्ष्मदर्शक, कात्री-चिमटे, काचेच्या बश्या, अल्कोहोल आणि एक जाड वही एवढ्यावर काम सुरू होतं.

आधी मूळ कल्पना

माशाला बिल्ला लावायची नेहमीची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. मासा पकडायचा, पाठीत क्रमांकाचा बिल्ला टोचायचा, सोडून द्यायचा आणि तो पुन्हा कुणाच्या तरी जाळ्यात यायची वाट बघायची. हिलशाच्या बाबतीत हे फार अवघड जातं. हातात घेतला की खवले सुटतात आणि मासा लगेच मान टाकतो. खोल समुद्रातल्या काही माशांची अडचण वेगळी असते. वर ओढताना त्यांची वायुपिशवी इतकी फुगते की पुन्हा पाण्यात सोडून उपयोग नसतो. परजीवी हा निसर्गानेच लावून ठेवलेला बिल्ला आहे, म्हणून मासा एकदाच पकडावा लागतो आणि पकडलेला प्रत्येक मासा कामाला येतो.

हे चालतं कारण पुष्कळ कृमींचं आयुष्य एका प्राण्यात पुरं होत नाही. अंडी पाण्यात पडतात, पिल्लू आधी एखाद्या गोगलगायीत किंवा झिंग्यासारख्या बारीक जिवात वाढतं, तिथून माशात जातं आणि शेवटी मासा खाणाऱ्या पक्ष्यात, शार्कमध्ये किंवा देवमाशात प्रौढ होतं. ही साखळी जिथे जुळते तिथेच तो कृमी माशाला लागतो. दुसऱ्या ठिकाणी पकडलेल्या माशात तो सापडला, तर मासा कधीतरी त्या साखळीच्या पाण्यात राहून आलेला आहे.

शास्त्रज्ञांनी ही युक्ती १९३९ पासून वापरली आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या तांबड्या रेडफिशवर स्फायरिऑन नावाच्या कवचधारी परजीवीचा अभ्यास छापला गेला, आणि त्याच वर्षी डोगिएल व बिखोव्स्की या रशियन संशोधकांनी कास्पियन समुद्रातल्या स्टर्जन माशांचे गट त्यांच्या कल्ल्यांवरच्या कृमींवरून वेगळे केले. मला सगळ्यांत पटणारं उदाहरण मात्र सामन (सॅल्मन) माशाचं आहे. १९५२ च्या करारानुसार जपानी बोटींनी १७५ अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला सामन पकडायचा नव्हता, कारण तिकडचा मासा अमेरिका-कॅनडाच्या नद्यांतला मानला जात होता. पण समुद्रात फिरणाऱ्या माशाच्या अंगावर देशाचं नाव नसतं. कॅनडाच्या लिओ मार्गोलिस यांनी सॉकाय जातीच्या सामनमधले दोन कृमी निवडले. ट्रायनोफोरस क्रॅसस या पट्टकृमीचं पिल्लू अलास्कातल्या ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या सरोवरांत लहान सामनच्या मांसात शिरतं आणि मासा समुद्रात गेला तरी तिथेच राहतं. दुसरा एक गोल कृमी कामचटकाच्या बाजूच्या सामनमध्ये असतो. भर समुद्रात पकडलेल्या माशात पहिला मिळाला तर जन्म अलास्काचा, दुसरा मिळाला तर आशियाचा. देशादेशांच्या भांडणात एका इवल्याशा कृमीची साक्ष उपयोगी पडली.

पहिली पायरी: प्रश्न लहान ठेवा

‘‘नर्मदेतल्या हिलशाचं स्थलांतर’’ हा प्रश्न नवशिक्याच्या हातात मावत नाही. ‘‘खाडीच्या मुखाशी पकडलेल्या आणि वर गोड्या पाण्यात पकडलेल्या, सारख्याच लांबीच्या हिलशांच्या कल्ल्यांवर सारखेच परजीवी आहेत का?’’ हा प्रश्न मावतो. सामनवर बसणारी समुद्री ऊ गोड्या पाण्यात फार दिवस तग धरत नाही, त्यामुळे नदीतल्या सामनवर ती दिसली की मासा नुकताच समुद्रातून आला असं कळतं. हाच तर्क आपल्या माशाला लावून बघता येतो.

हात बसवायला मात्र हिलसा घेऊ नका, महाग पडतो. मरळ किंवा तिच्याच कुळातला लहान डोक मासा घ्या. हे मासे तळ्यात राहतात, फार फिरत नाहीत, आणि त्यांच्यात कृमी भरपूर असतात. मरळीच्या आतड्यात काटेरी सोंडेचा जो पॅलिसेंटिस मिळतो, त्यातल्या एका जातीचं नावच नागपुरेन्सिस आहे. १९३१ साली भालेराव यांनी तिचं वर्णन केलं. लॅटिन नावांच्या गर्दीत आपल्या ओळखीचं गाव आणि ओळखीचं आडनाव दिसलं की विद्यार्थी टेबलाजवळ सरकून बसतात, हे मी दरवर्षी पाहतो.

डोकच्या यकृतावर किंवा मूत्रपिंडावर पांढरट-पिवळी गाठ दिसली, ती सुईने फोडली आणि आतून जाडसर चपटा कृमी हळूहळू आकुंचन पावत बाहेर आला, तर तो बहुधा युक्लिनोस्टोमम. त्याला आधी गोगलगाय लागते आणि शेवटी बगळा लागतो. एका तळ्यातल्या डोकमध्ये या गाठी आहेत आणि दुसऱ्या तळ्यातल्यांत नाहीत, असं दिसलं तर काठावर जा. गोगलगायी आहेत का, बगळे उतरतात का, पाहा. बिल्ला कसा बनतो हे तिथे डोळ्यांनी दिसतं. एक सूचना अगदी मनापासून: गोगलगायी शोधायला वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीच्या पात्रात उतरू नका. मगरी आहेत, आणि पावसाळ्यात त्या आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार जवळ असतात.

दुसरी पायरी: मासा कुठला, हे पक्कं करा

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण बहुतेकांचं काम इथेच वाया जातं.

सुरुवातीच्या एका पावसाळ्यात मी बाजारातून बावीस हिलसे घेतले होते. विकणाऱ्याने नर्मदेचे म्हणून सांगितले, मी तसंच लिहिलं. दीड महिना चिराफाड, मोजणी, चित्रं, सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग एके पहाटे माल उतरताना तिथे उभा राहिलो. बर्फाच्या थर्मोकोलच्या पेट्या लांबच्या ट्रकमधून उतरत होत्या आणि नर्मदेच्या टोपल्या त्यांच्याच शेजारी त्याच ओट्यावर रिकाम्या होत होत्या. कोणता मासा कुठला हे नंतर कोणीच सांगू शकलं नसतं. त्या बावीस माशांच्या नोंदींपैकी एकही वापरता आली नाही. विकणाऱ्याचा दोष नव्हता, त्याला तो मासा खाण्याजोगा ताजा आहे एवढंच सांगायचं होतं.

म्हणून नियम असा: ज्या माशाची जागा माहीत नाही, तो फक्त सरावासाठी. अभ्यासाचा मासा जाळ्यातून निघताना किंवा होडी लागताना घ्यायचा. वडोदऱ्याहून भरूच रेल्वेने तासाभराच्या आसपास, आणि तिथून खाली नदीच्या मुखाकडे भाडभूतला होड्यांतून भरपूर हिलसा उतरतो. आदल्या दिवशी जाऊन ओळख करून घ्या, चहा घ्या, काय करायचं आहे ते नीट समजावून सांगा. काका, भाई म्हणून बोला आणि ऐका जास्त. मासा कुठल्या वळणावर मिळाला, पाणी किती खारं होतं, जाळ्याचा डोळा किती बोटांचा, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. माशाचे पैसे बाजारभावाने द्या. ‘‘फक्त आतडी द्या’’ असं मागू नका, कारण आतडी सुटी मिळाली तर लांबी, वजन, लिंग सगळं हातचं जातं.

वहीत तारखेबरोबर तिथीही लिहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर तिथली मासेमारी चालते, त्यामुळे तिथी लिहिली की भरतीची नोंद आपोआप होते.

भाडभूतजवळ आता नर्मदेवर मोठा बंधारा बांधला जातो आहे. खारं पाणी वर चढू नये आणि गोडं पाणी साठावं हा त्याचा हेतू. समुद्रातून वर जाणाऱ्या माशाच्या वाटेत तो येणार, ही तिथल्या मच्छीमारांची काळजी आहे, आणि मला ती रास्त वाटते. बंधाऱ्याआधी कोणत्या माशात काय होतं याची नीट ठेवलेली नोंद हाताशी नसेल, तर नंतर तुलना कशाशी करणार? तुमच्या वहीतली चाळीस माशांची पानं त्या दृष्टीने मोलाची आहेत.

तिसरी पायरी: बिल्ला निवडणं

सापडलेला प्रत्येक कृमी बिल्ला म्हणून चालत नाही. चार गोष्टी बघायच्या. दोन ठिकाणच्या माशांत त्याचं प्रमाण स्पष्ट वेगळं हवं. तो माशात पुरेसा काळ टिकायला हवा. तो माशाला मारणारा किंवा त्याची वागणूक बदलणारा नको, नाहीतर आजारी मासे आधीच नाहीसे होतात आणि आपल्याला चुकीचं चित्र दिसतं. आणि तो सहज सापडणारा, ओळखता येणारा हवा.

टिकण्याचा काळ प्रश्नावरून ठरवा. एकाच जातीच्या माशांचे दोन साठे, म्हणजे आपापल्या पाण्यात राहणारे गट, वर्षानुवर्षं वेगळे राहतात का हे विचारायचं असेल तर गाठीत बंद असलेली पिल्लं घ्या. ॲनिसाकिस या गोल कृमीचं पिल्लू समुद्री माशाच्या आतड्यांवर घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं करून वर्षानुवर्षं पडून राहतं, म्हणून जगभर ते या कामाला वापरतात. स्कॉटलंडजवळच्या हेरिंग माशांवर केन मॅकेन्झी यांनी जे काम केलं, त्यात रेनिकोला या चपट्या कृमीची पिल्लं होती. किनाऱ्यावरच्या गोगलगायीतून ती कोवळ्या हेरिंगला लागतात आणि मासा मोठा होऊन दूर गेला तरी त्याचं बालपण कुठे गेलं ते सांगतात. याउलट चालू हंगामातला प्रवास बघायचा असेल तर आतड्यातले प्रौढ चपटे कृमी किंवा बाहेरचे परजीवी बरे, कारण ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गळून जातात.

चौथी पायरी: मासा उघडणं

मासा जितका ताजा तितकं बरं. कल्ल्यांवरचे एकपिढी (एकाच माशावर आयुष्य पुरं करणारे) चपटे कृमी मासा मेल्यावर लवकर विरघळतात. ॲनिसाकिस तर मासा मेल्यावर आतड्यांवरून मांसात सरकू शकतो, म्हणजे जागेची नोंदही बिघडते. लगेच जमणार नसेल तर प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत बांधून बर्फात ठेवा आणि पिशवीतलं पाणीही तपासा. गळून पडलेले परजीवी त्यात मिळतात. सगळे मासे एकाच पिशवीत घातले तर कोणाची ऊ कोणाच्या अंगावर गेली ते कळत नाही.

आधी लांबी, वजन. मग बाहेरून: पंखांचे मूळ, नाकपुड्या, तोंडाचं आतलं छत, कल्ल्याच्या झाकणाची आतली बाजू. मग कल्ले कापून प्रत्येक कमान वेगळ्या बशीत, थोड्या पाण्यात, सूक्ष्मदर्शकाखाली. घाई करू नका. पहिल्या पाच मिनिटांत तांबड्या झालरीशिवाय काही दिसत नाही. मग नजर बसते आणि झालरीतला एखादा पांढरा ठिपका आपणहून हललेला दिसतो.

पोट गुदद्वारापासून पुढे, कात्रीचं टोक वर ठेवून कापा, म्हणजे आतडं फुटत नाही. लिंग आणि गाभोळीची अवस्था लिहून घ्या. यकृत, जठर, आतडं, गाभोळी, वायुपिशवी प्रत्येक वेगळ्या बशीत मिठाच्या पाण्यात ठेवा. लिटरभर पाण्यात ७ ते ८ ग्रॅम मीठ पुरतं. साध्या पाण्यात कृमी फुगून फुटतात. हिलशाच्या जठराचा एक भाग कोंबडीच्या पेषणीसारखा जाड असतो आणि त्यापुढे बारीक बोटांसारख्या अंधनलिकांचा दाट झुबका असतो. नवशिके हा झुबका तसाच टाकून देतात. तो सुईने उलगडा, कृमी तिथे दडतात. आतडं लांबीने चिरून एका उंच ग्लासात मिठाच्या पाण्यात हलवा, गाळ बसू द्या, वरचं गढूळ पाणी ओता, पुन्हा नवं पाणी घाला. चार-पाच वेळा केलं की तळाशी स्वच्छ पांढरे कृमी उरतात. शेवटी मांसाचे पातळ काप दोन काचांत दाबून उजेडासमोर धरा.

घरी हे करत असाल तर स्वयंपाकघरातली विळी वापरू नका आणि हातमोजे घाला. घरच्यांना शंका येणारच, तर सांगा की नीट शिजवलेल्या माशातले कृमी मरतात. धोका कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशाचा असतो.

पाचवी पायरी: जतन

प्रत्येक गटाची रीत वेगळी. गोल कृमी गरम केलेल्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकले की सरळ होतात, थंडात टाकले तर वेटोळे होऊन ओळखता येत नाहीत. अल्कोहोल उघड्या ज्योतीवर कधीच तापवू नका, बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. काटेरी सोंडेचे कृमी काही तास साध्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सोंड बाहेर येते. जात ओळखायला सोंडेवरच्या काट्यांच्या ओळी मोजाव्या लागतात, सोंड आत राहिली तर सगळं अडतं. चपटे कृमी गरम पाण्याने मारून मग जतन करा आणि पुढे ॲसिटोकार्मिनने रंगवा. डीएनए तपासायचा विचार असेल तर काही नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा.

चिठ्ठी बाटलीच्या आत, शिसपेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

सहावी पायरी: मोजणी आणि शून्य

वहीत प्रत्येक माशाची एक ओळ. कृमी मिळाला नाही तर तिथे ० लिहा. रिकामी जागा सोडलीत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही की मिळाला नव्हता की बघायचा राहिला होता. साठा ओळखण्यात शून्याला फार किंमत आहे: समुद्रातच लागणारा कृमी एखाद्या गटातल्या कुठल्याच माशात नसेल, तर तो गट त्या समुद्रात गेलाच नसण्याची शक्यता उभी राहते.

पण किती शून्यांवर विश्वास ठेवायचा? समजा खरोखर दर शंभरातल्या दहा माशांत कृमी आहे. तुम्ही तीस मासे उघडलेत तर एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. पण प्रमाण शंभरात पाचच असेल तर तीस मासे उघडूनही तो हुकण्याची शक्यता २१ टक्के होते. ९५ टक्के खात्री हवी तर ५९ मासे लागतात. म्हणून तीसपेक्षा कमी माशांवर ‘‘इथे हा कृमी नाही’’ असं विधान करू नका.

तीन आकडे काढायचे. चाळीस मासे तपासले, दहांत कृमी होता, एकूण पन्नास कृमी मिळाले. प्रादुर्भाव २५ टक्के, बाधित माशामागे सरासरी तीव्रता ५, आणि सगळ्या माशांमागे सरासरी विपुलता १.२५. कृमी माशांत सारखे वाटलेले नसतात, थोड्याच माशांत ढीग असतो आणि बाकीचे जवळपास मोकळे. त्यामुळे नुसती सरासरी दोन गटांत तुलना करायला कच्ची पडते. प्रादुर्भावाची तुलना फिशर या संख्याशास्त्रीय कसोटीने करा, संख्येची मान-व्हिटनी कसोटीने. ‘क्वांटिटेटिव्ह पॅरासिटॉलॉजी’ नावाची मोफत संगणकप्रणाली आणि आर (R) ही संगणकभाषा, दोन्ही यासाठी पुरतात.

फरक दिसल्यावर थांबून काय तपासायचं

पहिली शंका वयाची. मोठा मासा जास्त वर्षं खात आलेला असतो, त्याच्यात साठणारे कृमी जास्त असणारच. भाडभूतचे मासे मोठे आणि दुसऱ्या ठिकाणचे लहान असतील तर तुम्ही जागेऐवजी वयाची तुलना केलीत. म्हणून सारख्या लांबीचे गट पाडा, जमलं तर खवल्यांवरच्या किंवा कानातल्या खड्यांवरच्या वलयांवरून वय काढा. दुसरी शंका हंगामाची: आषाढातले मासे एकीकडचे आणि कार्तिकातले दुसरीकडचे, असं होऊ देऊ नका. तिसरी शंका तपासणाऱ्याची. दोघं मिळून काम करत असाल तर प्रत्येकाने दोन्ही ठिकाणचे मासे उघडावेत. एकाची नजर तेज असली की त्याच्या वाटची नदी उगाच कृमींनी भरलेली दिसते.

आणि एकाच कृमीवर भिस्त ठेवू नका. दोन-तीन वेगवेगळ्या साखळ्यांचे कृमी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर निष्कर्षाला वजन येतं. माशाच्या अंगाची मापं, कानातले खडे, डीएनए यांची जोड मिळाली तर उत्तम. वडोदऱ्याच्या एम. एस. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागासारख्या ठिकाणी ओळख करून घेतलीत तर अनोळखी जात ओळखायला मदत मागता येते.

दर जातीचे निदान दोन-तीन नमुने कायमचे जपून ठेवा. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही नाव चुकीचं लावलं, तर बाटली उघडून पुन्हा बघता आली पाहिजे. अल्कोहोल झाकणातून हळूहळू उडतं, म्हणून दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत बाटल्या खाली काढा, चिठ्ठ्या वाचता येतात का पाहा आणि कमी झालेलं अल्कोहोल भरून ठेवा.